नारबोदच्या मागोमाग

आमच्या गोंदियात माणसाला नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, ‘कहाँ के हो?’ किराणा दुकानात विचारतात, दवाखान्याच्या बाकावर विचारतात, मयतीला गेलं तरी बाजूचा माणूस हळूच विचारून घेतो. उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं आणि ते कधीच ‘गोंदिया’ नसतं. मिलवाले शेठ मारवाडातले, कापडवाले सिंधमधले, गोदामावरचे हमाल छत्तीसगडचे, आणि आम्ही पोवार तर माळव्यातले. माळवा माझ्या बाबांनी पाहिला नव्हता, त्यांच्या आजोबांनीही पाहिला नसावा, पण कुणी विचारलं की बाबा छाती काढून सांगायचे, ‘आमी माळव्याचे.’ आईला मात्र हा प्रश्न आला की तिचं तोंड उतरायचं. ती छत्तीसगडातल्या डोंगरगडच्या बाजूच्या एका खेड्यातली. सकाळच्या पॅसेंजरने निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच अंतर. म्हणजे कोण जाणे कितव्या पिढीला माळव्याहून आलेले इथले झाले होते, आणि चार स्टेशनं पलीकडून आलेली बाई परकी होती. हे गणित मला आजही सुटलेलं नाही, आणि आता साठी उलटल्यावर ते सोडवायचा हट्टही राहिलेला नाही.

बाबा मूळचे दवनीवाड्याचे. घरी धानाची शेती, भावकी मोठी. त्यांनी समाजाबाहेरची, वरून परमुलखातली बायको केली म्हणून भावकीने दार लावून घेतलं, आणि बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री म्हणून लागले. राहायला फुलचूर. तेव्हा फुलचूर शहरही नव्हतं आणि धड खेडंही राहिलं नव्हतं. एका बाजूला बांध्यांमधले, म्हणजे धानाच्या खाचरांमधले, बेडूक ओरडायचे आणि दुसऱ्या बाजूने मिलचा भोंगा यायचा. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ शिजवायला घेतला की त्याचा आंबूस वाफाळ वास अख्ख्या वस्तीभर बसायचा, कपड्यांना, केसांना, अंथरुणाला. बाहेरचे लोक नाक धरतात त्या वासाला. मी मुलीकडे नागपूरला चार दिवस राहून परत येते तेव्हा स्टेशनाच्या अलीकडेच तो वास येतो आणि माझी भूक चाळवते.

आमच्या घरात भाषांची खिचडी होती. बाबा माझ्याशी झाडीबोलीत बोलत, दवनीवाड्याचं कुणी बाजारात भेटलं तर पोवारीत, मिलमध्ये हिंदीत. आई-बाबा आपसात आमची गोंदियाची हिंदी बोलायचे, आणि आई माझ्याशी तिच्या छत्तीसगडीत. तिच्या बोलीत आईला ‘दाई’ म्हणतात, म्हणून मीही तिला दाईच म्हणायचे. मी तिची ‘नोनी’, म्हणजे लेक. रात्रीचा उरलेला भात ती पाण्यात घालून ठेवायची आणि सकाळी कांदा-मिरचीसोबत आम्ही ती बासी खायचो. बाबांना आधी लाज वाटायची, ‘लोक म्हणतीन, ताजं शिजवाले नाई यांच्या घरी.’ मग उन्हाळ्यात एकदा खाल्ली आणि नंतर स्वतःच मागायला लागले. दाई पोळ्याला ठेठरी-खुरमी करायची आणि वस्तीतल्या बाया करंज्या करायच्या. ताटं इकडून तिकडे जायची. लोक खाण्यात कधी परके नव्हते, हे मला त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

आमच्या भिंतीला भिंत लागून पुस्तकला काकूचं घर. पुस्तकला काकू पोवाराची सून, माहेर बालाघाटकडचं. म्हणजे तीही दुसऱ्या राज्यातून आलेली, पण जात आपली, बोली आपली, त्यामुळे मधली सरकारी हद्द कुणी मोजत नव्हतं. तिला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. मग देवाने एक मुलगा दिला. तिची आणि दाईची गट्टी होती. दुपारी दोघी अंगणात तांदूळ निवडत बसायच्या, एक पोवारीत बोलायची, दुसरी छत्तीसगडीत, आणि दोघींचं हसू एकाच वेळी फुटायचं. ते बाळ अर्धा दिवस आमच्याच घरी असायचं. काकूच्या सासूला हे फारसं रुचत नव्हतं. वस्ती तिला बुढी म्हणायची आणि वस्तीतली लग्नं, बारशी, भांडणं तिच्या शब्दावर चालायची.

आता त्या फांदीचं सांगते. आपल्याकडे आषाढी अमावास्येला बाया जिवतीची पूजा करतात, त्याच दिवशी दाईच्या मुलखात हरेली असते. हरेलीला तिकडे घराच्या दारावर कडुनिंबाची नाहीतर भेलव्याची, म्हणजे बिब्ब्याच्या झाडाची, फांदी खोचतात. ती दारावर राखणीला बसते. काही वाईट आत येऊ देत नाही. तिला काढायचं नाही, वाळून गळून पडेपर्यंत तशीच राहू द्यायची. दाई दरवर्षी आमच्या दारावर फांदी खोचायची, मूठभर पाल्याकडे कोण बघतं? त्या वर्षी काकूच्या घरात बाळ आलेलं म्हणून तिने एक जास्तीची फांदी आणली आणि पहाटे अंगण झाडता झाडता पुस्तकला काकूच्या दाराच्या वरच्या चौकटीत, कौलांच्या खाली आतल्या बाजूला खोचून दिली. विचारलं नाही. राखण बसवताना बोलायचं नसतं, असं तिच्या गावी मानत होते.

आणि इकडे फुलचुरात काय मानत होते? इकडे दाराशी फांदी लागते ती पोळ्याला, पळसाची. तिला मेढा म्हणतात. हा मेढा घराची सगळी पीडा, रोगराई, खोकला-पडसं आपल्या अंगावर ओढून घेतो, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी पहाटे तो उपटून गावाबाहेर न्यायचा असतो. त्याच पहाटे गवताची, चिंध्यांची बाई करतात, तिला जुनं लुगडं नेसवतात. ती नारबोद. डबे वाजवत, ‘इडा पीडा घेऊन जा गे नारबोद’ असं ओरडत लोक तिला शिवेपार नेतात, सगळे मेढे तिच्यावर टाकतात आणि परत फिरतात. परत फिरताना मागे वळून पाहायचं नाही. जो पाहील त्याच्या घराची वाट तिला दिसते आणि ती त्याच्याच घरी येते. म्हणजे बघा, दाराशी फांदी दोन्हीकडे. पण तिकडची राहण्यासाठी असते आणि इकडची फेकण्यासाठी. इकडच्या हिशेबाने जी फांदी दारात राहिली, तिने पीडा घरात कोंडून ठेवली. पळसाची नसून भेलव्याची असेल, कुणाला न सांगता खोचलेली असेल आणि परमुलखातल्या बाईने खोचलेली असेल, तर मग विचारायलाच नको.

श्रावणात बाळाला ताप भरला. उतरायचा, पुन्हा चढायचा. बाळ दूध ओढेना. पाऊस गळायला लागला म्हणून काकूचा नवरा कौलं सारखी करायला चढला आणि त्याला चौकटीत ती वाळकी फांदी सापडली. मी अंगणात होते. बुढीने ती चिमट्याने धरली आणि विचारलं, ‘हे कोनं लावलं वं?’ दाई तिथेच होती. तिने सरळ सांगितलं, ‘मैंने लगाया, अम्मा. बच्चे के लिए.’ तिला वाटलं आता बुढी हसेल. बुढीने फांदी चुलीत टाकली नाही, अंगणाबाहेर नेऊन पुरली. काकू दारात बाळाला छातीशी धरून उभी होती आणि दाईकडे बघत होती. ती नजर मला आवडली नाही. त्या दिवसापासून दुपारच्या अंगणात कुणी बसलं नाही.

भीती कशी येते हे मला त्या महिन्यात कळलं. ती ओरडत येत नाही. बोरिंगवर मी हंडा लावला की मागच्या बाया आपले हंडे थोडे मागे घेऊ लागल्या. शाळेत माझ्या बाजूची मुलगी दुसऱ्या बाकावर गेली आणि का गेली विचारल्यावर म्हणाली, ‘माह्या मायनं सांगतलं.’ एका संध्याकाळी आमच्या कौलांवर दगड पडला. एकच. कुणी टाकला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणूनच जास्त भीती वाटली. मिलमध्ये एकाने बाबांना म्हटलं, ‘मिस्त्री, भाभी उधर की है ना? उधर तो ये सब चलता है.’ बाबा घरी येऊन जेवले नाहीत. आमच्या दाराला कडी होती, पण ती कधी लावत नसत. त्या दिवशी बाबांनी दिवसाउजेडी कडी लावली आणि खालून पाटा सरकवला.

दाईची भीती आमच्याहून खोल होती, कारण पुढे काय होऊ शकतं हे तिने पाहिलं होतं. तिच्या गावात एका विधवेला टोनही ठरवून, म्हणजे जादूटोणा करणारी ठरवून, बायकांनीच केस धरून गल्लीतून ओढत नेलं होतं. दाई तेव्हा माझ्याएवढी होती. हे तिने मला नंतर, मी मोठी झाल्यावर सांगितलं. तेव्हा फक्त एवढं दिसायचं की भाजी चिरता चिरता तिचा हात थांबायचा आणि ती कान देऊन ऐकायची. मी विचारलं की म्हणायची, ‘कुछु नहीं नोनी, डर झन.’ भिऊ नको म्हणणारं माणूसच असं कान देऊन बसलं की पोराने काय करावं? मी तिच्या पदराला धरून फिरायला लागले. संडासला गेली तरी बाहेर उभी राहायचे.

मग तिचं हिरवं लुगडं वाळत घातलेलं दोरीवरून गेलं. तिच्याकडे धड असं तेच होतं. लुगडं गेल्याचं कळलं तेव्हा मला आणि तिला, दोघींनाही एकाच वेळी समजलं की ते कुणाच्या अंगावर चढणार आहे. बाबा म्हणाले, ‘दवनीवाडा चलते हैं. भाई है मेरा, कितने दिन नहीं बोलेगा?’

‘वहाँ कौन दरवाजा खोलेगा?’ दाई म्हणाली.

‘फिर?’

‘तीजा आ रहा है. मैं मायके जाती हूँ.’

छत्तीसगडात पोळ्यानंतर दोन-तीन दिवसांनी तीजा येतो आणि त्यासाठी लेकी माहेरी जातात, भाऊ न्यायला येतो. लग्न झाल्यापासून दाईला न्यायला कुणी आलं नव्हतं आणि ती कधी गेलीही नव्हती. बाबांनी विचारलं, ‘और वापस?’ यावर ती चुलीतलं लाकूड पुढे सारत बसली. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं होतं. त्या न आलेल्या उत्तराची मला जेवढी भीती वाटली, तेवढी दगडाची वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सांदीत तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधलेलं दिसलं. त्यात माझा एकही फ्रॉक नव्हता, मी उघडून पाहिलं.

पोळा आला. बैल सजले, तोरणं बांधली गेली, आणि आमच्याकडे त्या वर्षी करंज्यांचं ताट आलं नाही. दाईने ठेठरी केली होती, ती डब्यातच राहिली. संध्याकाळी दारोदार पळसाचे मेढे लागले. आमच्या दारावर तिची भेलव्याची फांदी होती, वाळून काळी पडलेली. बाबा म्हणाले, निकाल दूँ? ती म्हणाली, घर में बच्ची है. मला वाचवायला लावलेली वस्तू काढायची तिची हिंमत नव्हती, आणि ठेवायची तर त्याहून नव्हती.

पहाटे डबे वाजायला लागले. आवाज नेहमीसारखा पुढे सरकत गेला नाही, आमच्या दाराशी येऊन थांबला. बाबांनी पाटा बाजूला केला, कडी काढली. उजाडत होतं. अंगणात वस्तीतल्या बाया, पुरुष, पोरं, आणि मधोमध बुढी. नारबोद दाईचं हिरवं लुगडं नेसून उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेली, अगदी दाई घेते तसा. पुस्तकला काकू मागे होती, डोळे सुजलेले. बाळ घरी, नवऱ्यापाशी.

बुढी दाईकडे बोट करून म्हणाली, ‘हीले धरू दे नारबोद. जिनं आनलं, तिनंच न्याव.’

बाबा पुढे झाले. ‘काऊन? माही बायको काऊन नेईन? मी नेतो.’

‘तू कायले? तू त आपला हायस.’

दाईने बाबांच्या दंडाला हात लावला. ‘रहन दे,’ म्हणाली. मग वळली, चौकटीतली फांदी स्वतःच्या हाताने ओढून काढली आणि नारबोदच्या कंबरेला खोचली. तिने नारबोद उचलून खांद्यावर घेतली तेव्हा डबे पुन्हा वाजायला लागले. ‘इडा घेऊन जा, पीडा घेऊन जा, घेऊन जा गे नारबोद!’ दरवर्षी मीही बेंबीच्या देठापासून ओरडायचे, मजा यायची. त्या दिवशी कळलं की हे ओरडणं पुढे चालणाऱ्याला कसं ऐकू येत असेल. मी बाबांचा हात धरून चालत होते आणि पुढे दोन पाठी दिसत होत्या, एक गवताची आणि एक माझ्या आईची.

वस्तीची शीव म्हणजे नाला. पावसाने गुडघाभर पाणी होतं. बाकीच्यांनी अलीकडेच आपापले मेढे दाईच्या हातात कोंबले आणि ती ते सगळं घेऊन पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर तिने नारबोद ठेवली, मेढे वर ठेवले. तिथून वर चढलं की स्टेशनचा रस्ता लागतो. गाठोडं घरी होतं, पण आपल्या माहेराला जायला बाईला गाठोडं लागतंच असं नाही. बुढीने हात वर केला. ‘फिरा आता. कोनी मांगं पाहू नोका.’ सगळे फिरले. बाबाही फिरले. त्यांचा हात इतका घट्ट होता की माझी बोटं दुखत होती. आजही कुणी माझा हात तसा घट्ट धरला तर मी सोडवून घेते.

डबे थांबले होते. परतताना वाजवत नाहीत. मी कान मागे लावून चालत होते. पाण्यात पाय पडल्याचा आवाज यायला हवा होता, आणि तो येत नव्हता. एक बांधी ओलांडली, तरी नाही. मला वाटलं, ती गेली. वर चढली आणि गेली. वळून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण वळले तर नारबोद आमच्या घरी येईल, आणि मग दाईला ते काय करतील? मी रडतही नव्हते, रडण्याच्या आवाजात पाण्याचा आवाज बुडाला असता.

माझ्या पुढे पुस्तकला काकू चालत होती. ती थांबली. बुढी खेकसली, ‘चाल वं, थांबू नोको.’ काकू थांबूनच राहिली. मग ती वळली, नुसती मान नाही, पूर्ण वळली, आणि आमच्या डोक्यांवरून नाल्याकडे पाहत ओरडली, ‘ये ना वं वहिनी घरी! कायले उभी रायलीस तिथं? मी पायतो तुह्याकडं, होऊ दे का होते तं!’

बाया किंचाळल्या. बुढीने कपाळावर हात मारून घेतला. काकू जागची हलली नाही. तिचं ते लेकरू पुढे वाचलं, शहरातल्या डॉक्टरच्या औषधाने, आज तो दोन मुलांचा बाप आहे आणि दाई गेली तेव्हा तिच्या तिरडीला त्याने खांदा दिला. पण त्या सकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. तिला तर नव्हतंच. तापाने फणफणलेलं एकुलतं एक बाळ घरी ठेवून ती नारबोदकडे उघड्या डोळ्यांनी बघत उभी होती. बऱ्याच वेळाने मागे पाणी वाजलं, एक पाऊल, मग दुसरं. मी तोवरही मागे पाहिलं नाही. मी काकूच्या चेहऱ्याकडे पाहत होते. दाई अलीकडच्या काठावर येईपर्यंत तिने नजर हलवली नाही, आणि इतकं भ्यालेलं माणूस मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.